वीसपर्यंत मोजा!

जपानहून परत आल्यापासून हॉस्टेलवर मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. स्टायपेंड किती होता? बुलेट ट्रेनमध्ये बसलास का? आणि तिथे खाण्याचे काय हाल झाले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, कारण लगेच पार्टी मागतात. दुसऱ्याचं उत्तर, हो. तिसऱ्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे. त्यात एक धक्का आहे (बंदराचा, मनाला बसतो तो नव्हे!), एक सत्तरीतले आजोबा आहेत, माझे बाबा आहेत आणि भरपूर म्हाकुळं आहेत. मॅगझीनच्या संपादकांनी चार पानं दिली, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

आधी म्हाकूळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. कारण आमच्या विंगमधल्या निम्म्या पब्लिकला सुरमई आणि पापलेट सोडून तिसरा मासा माहीत नाही. इंग्रजीत ज्याला स्क्विड म्हणतात, गोव्यात ज्याला माणकी म्हणतात आणि हॉटेलच्या मेन्यूवर ज्याचं नाव कॅलामारी होऊन किंमत दुप्पट होते, ते म्हाकूळ. हा मासा नाहीच. शंख-शिंपल्यांच्या कुळातला हा मऊ अंगाचा प्राणी. आठ हात, दोन लांब सोंडा, तीन हृदयं आणि निळं रक्त! आपल्या रक्तात लोह असतं, याच्या रक्तात तांबं, म्हणून निळं. अंगावर रंगाच्या हजारो बारीक पिशव्या, त्यामुळे क्षणात तपकिरी, क्षणात पांढरा. संकट आलं की पाण्याची पिचकारी मारून उलटं पळायचं आणि मागे शाईचा ढग सोडायचा. म्हणजे जेट प्रोपल्शन, डिस्प्ले आणि प्रिंटर हे तिन्ही एकाच बॉडीत.

मी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावचा. बाबांची छोटी होडी होती. आजोबांच्या काळात रापण, नंतर बाबांची जाळी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्यात होडी खडकावर आपटली. दुरुस्तीचा खर्च ऐकून बाबांनी इंजिन विकलं, मग होडीही विकली. त्याच वर्षी मला इथे ॲडमिशन मिळाली. त्या पैशातला काही भाग माझ्या फीमध्ये आला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून बाबा मामाच्या किराणा दुकानात बसतात. समुद्राबद्दल बोलणं त्यांनी बंदच केलं. फोनवर आमचं बोलणं ठरलेलं असायचं. "जेवलास?" "हो." "पैसे आसत?" "हो." "बरा, आयेकडे देतंय." सगळं मिळून बावीस सेकंद. एकदा कॉल लॉगमध्ये बघितलं होतं.

तर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सातव्या सेमिस्टरची इंटर्नशिप करायला मी जपानच्या कागोशिमा शहरात पोचलो. क्यूशू बेटाचं अगदी दक्षिण टोक. समोर खाडी आणि खाडीत साकुराजिमा नावाचा जिवंत ज्वालामुखी. तो अधूनमधून राख उडवतो आणि लोक निवांतपणे छत्री उघडतात. अंगणातली राख भरून ठेवायला पालिका पिवळ्या पिशव्या देते. पहिल्या आठवड्यात माझ्या वाळत घातलेल्या शर्टवर राख पडली, तेव्हा मीही शहाणा झालो.

दिवसभर कंपनीत ठीक चालायचं. संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र खायला उठायचं. भाषा येत नाही, खोलीत एकटा, मेसमधला आरडाओरडा नाही, कुणी असाइनमेंट मागायला येत नाही. (हो, त्याचीसुद्धा आठवण येते!) सायकलने दहा मिनिटांवर एक छोटं मासेमारी बंदर होतं. माशांचा वास आला म्हणून आत वळलो आणि मग रोजच जायला लागलो.

तिथे पहिली गोष्ट दिसली ती डाग. धक्क्याच्या काँक्रीटवर जागोजागी काळे शिंतोडे. मला वाटलं ऑइल. एक आजोबा दोरीची बादली पाण्यात सोडून तो डाग धूत होते. त्यांनी मला बघितलं, डागाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इका." म्हणजे म्हाकूळ. पकडलेल्या म्हाकुळाने उडवलेली शाई होती ती. पुढे कळलं की तिथले गरवणारे लोक आधी हे डाग वाचतात. डाग जास्त तिथे म्हाकुळं लागतात, डाग ओला आणि काळाभोर असेल तर कालपरवाच लागलंय, फिकट असेल तर जुनी बातमी. आमच्याकडे लायब्ररीतल्या पुस्तकावरचे चहाचे डाग बघून कुठला चॅप्टर इंपॉर्टंट आहे ते ओळखतात, तसंच!

आजोबा निवृत्त सुतार होते. त्यांची भाषा कागोशिमाची बोली, जी मोबाइलच्या ट्रान्सलेशन ॲपलाही झेपत नव्हती. ॲपने एकदा त्यांच्या वाक्याचं भाषांतर "तुमची छत्री नम्र आहे" असं केलं. तेव्हापासून आम्ही ॲपचा नाद सोडला आणि हातवाऱ्यांवर आलो.

त्यांनी हातात दिलेली वस्तू म्हणजे एगी. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची कोळंबी म्हणा ना. अंगाला कापड गुंडाळलेलं, बाजूला पिसं, हनुवटीखाली शिशाचा तुकडा आणि शेपटीला सुयांचे दोन गोल, उलट्या छत्रीच्या काड्यांसारखे. एगी मूळची याच भागातली, कागोशिमा आणि त्याच्या दक्षिणेच्या अमामी बेटांकडची. सांगतात की कुण्या कोळ्याची मशाल पाण्यात पडली, त्या जळक्या लाकडाला म्हाकुळाने मिठी मारली, त्यावरून ही कल्पना सुचली. खरं-खोटं ते म्हाकूळ जाणे. एगीचं माप "सून" या जुन्या जपानी एककात असतं. एक सून म्हणजे ३.०३ सेंटीमीटर. म्हणून साडेतीन नंबरची एगी साधारण साडेदहा सेंटीमीटर, अडीच नंबरची साडेसात. शरद ऋतूत म्हाकुळं लहान असतात तेव्हा अडीच-तीन नंबर, वसंतात अंडी घालायला मोठी म्हाकुळं किनाऱ्याला येतात तेव्हा साडेतीन किंवा चार.

आता तंत्र. मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावं, फ्लुइड मेकॅनिक्सचा व्हायवा आहे असं समजून.

एगी लांब फेकायची आणि काहीच करायचं नाही. ती नाक खाली, शेपटी वर अशी तिरकी बुडत जाते. वजनातून उत्प्लावक बल वजा करा, जे उरतं ते पाण्याच्या विरोधाइतकं झालं की वेग स्थिर. म्हणजे आपली टर्मिनल व्हेलॉसिटी! नेहमीची एगी एक मीटर बुडायला तीनेक सेकंद घेते. त्या धक्क्याजवळ पाणी साधारण सहा-सात मीटर. म्हणून वीसपर्यंत मोजायचं. ताणलेला दोर एकदम सैल पडला की एगी तळाला टेकली. मग काठी दोनदा झपकन वर उचलायची. एगी कोळंबीसारखी उसळी मारते. दूरवरचं म्हाकूळ ते बघतं. आणि पुन्हा काहीच करायचं नाही, बुडू द्यायचं.

सगळी मेख इथेच आहे. म्हाकूळ उसळीला भुलून जवळ येतं, पण एगी धरतं ती बुडताना. तुम्ही ओढत असता तेव्हा ते नुसतं बघतं; तुम्ही थांबता तेव्हा ते हात पुढे करतं. आणि त्याने धरलं हे कळणार कसं? म्हाकूळ गळाला झटका देत नाही. दोर जरासा पुढे सरकतो, किंवा बुडायचा तो मध्येच थांबतो. वीसपर्यंत मोजायचं असताना तेराला दोर सैल पडला तर समजायचं, तळ नव्हे, कुणीतरी खालून उचललंय! यासाठी दोर ना ताठ हवा, ना ढिला. ताठ धरला तर एगी नीट बुडत नाही, वर खेचली जाऊन म्हाकूळ बिचकतं. ढिला सोडला तर खालची बातमी वर येत नाही.

लागल्यावरही घाई नाही. एगीच्या सुयांना उलटा काटा नसतो, त्यामुळे दोर एक क्षण सैल झाला की म्हाकूळ निसटलं. आणि जास्त जोर लावला तर त्याची सोंड तुटून नुसती सोंडच वर येते. म्हणून रीळचा ब्रेक आधीच थोडा सैल ठेवायचा, म्हाकुळाने पिचकारी मारली की दोर जाऊ द्यायचा, ते दमलं की एकसारखं गुंडाळायचं. धक्क्याच्या भिंतीवरून सरळ उचलायचं नाही, लांब दांड्याच्या जाळीत घ्यायचं. आणि वर घेण्याआधी पाण्यातच त्याला शाई ओकू द्यायची, नाहीतर नवा टी-शर्ट गेला म्हणून समजा. मग दोन डोळ्यांच्या मध्ये टोच्या मारायचा. एका क्षणात अर्धं अंग पांढरं पडतं, दुसऱ्या बाजूला टोचलं की उरलेलं. जनावराचे हाल होत नाहीत आणि मांसही चांगलं राहतं.

हे सगळं आजोबांनी मला दोन संध्याकाळी शिकवलं. जुनी काठी आणि रीळ वापरायला दिलं. पण पुढच्या आठ संध्याकाळी मला एकही म्हाकूळ लागलं नाही. माझं मोजणं बरोबर, दोर बरोबर, डागही बरोबर. आजोबांना मात्र लागायची. ते कधी सहाला यायचे, कधी साडेआठला, कधी यायचेच नाहीत. मी कंपनी सुटली की ठरलेल्या वेळी हजर आणि आठला परत.

नवव्या दिवशी घरी फोन लावला. आई शेजारी गेलेली. बाबा म्हणाले, "जेवलास?" मी म्हटलं, "बाबा, हंय धक्क्यार म्हाकुळां गरवतंय. आठ दिवस झाले, एक लागत नाय."

पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, "पाणी भरता की सुकता?"

"ता नाय बघलंय."

"मग काय बघलंस? पाणी थांबलेला असताना म्हावरा तोंड उघडीत नाय. पाणी वळाक लागला की जा. आज तिथी खंयची?"

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता भरती, साधारण. टेबल नाही, ॲप नाही. बाबांना मी मोबाइलवर तिथी बघून सांगितली, त्यांनी वेळ सांगितली. तिथल्या दुकानात भरती-ओहोटीची छापील पुस्तिका मिळते, ती आजोबांच्या खिशात कायम असायची. ताडून पाहिलं तर बाबांचं उत्तर काही तासांनी सरकलेलं. मी तसं कळवलं. बाबा म्हणाले, "चंद्र तोच मां रे? मग बाकी सगळा तसाच. किती तासांचो फरक ता एकदा काढ आणि रोज तितकोच धर." म्हणजे काय, तर कॉन्स्टंट ऑफ इंटिग्रेशन! दर बंदराचा किनारा वेगळा, खोली वेगळी, म्हणून भरतीला लागणारा उशीर वेगळा, पण तो त्या बंदरापुरता जवळपास ठरलेला. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, हे मालवणात आणि कागोशिमात सारखंच.

त्या रात्री पाणी वळायची वेळ साडेनऊची निघाली. मी सव्वानऊला गेलो. बाबांनी दुसरी सूचना दिली होती, "दिव्याखाली उभो रव, पण दिव्याच्या उजेडात टाकू नको." धक्क्यावरच्या दिव्याखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, पण म्हाकूळ उजेड संपून काळोख सुरू होतो त्या रेषेवर दबा धरून बसतं. रेषेपलीकडे फेकली. मोजायला लागलो. अकराला दोर थांबला.

तीनशे ग्रॅमचंही नसेल. पण जाळीत आल्यावर त्याच्या अंगावरून तपकिरी-हिरव्या लाटा सरकत होत्या आणि तो मोठा डोळा माझ्याकडे बघत होता. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. भारतात संध्याकाळचे सहा-सव्वासहा, दुकानात गिऱ्हाईक. बाबांनी मोबाइल जवळ घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्या आपल्याकडेय गावता, कातळार. पंख बघ, कसे रुंद." कॉल एकोणतीस मिनिटांचा झाला. गिऱ्हाइकाने साखर दुसरीकडून नेली असावी.

त्यानंतर जवळजवळ रोज. बाबा तिथी सांगायचे, मी निकाल सांगायचो. आजोबांना हातवाऱ्यांनी कळवलं की माझा "कोच" भारतात आहे. त्यांनी विचारलं, वडील काय करतात? मला एवढा जपानी शब्द आला होता: "र्‍योशी." कोळी, मच्छीमार. आजोबांनी काठी खाली ठेवली, टोपी काढली आणि मोबाइलमधल्या बाबांना कमरेत वाकून नमस्कार केला. बाबा गडबडून दुकानातल्या स्टुलावरून उठून उभेच राहिले. होडी विकून तीन वर्षं झाली होती. "आता मी मच्छीमार नाही" असं त्यांनी मला भाषांतर करायला सांगितलं नाही. मीही केलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर आजोबा म्हाकूळ कच्चं खायचे, पातळ काप करून, सोया सॉसबरोबर. मी आईने दिलेल्या मालवणी मसाल्यात सुकं करायचो. एकदा त्यांना डबा नेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चवीने की तिखटाने, ते आमच्या हातवाऱ्यांच्या भाषेत विचारता आलं नाही, पण डबा धुऊन परत आला आणि त्यात दोन एगी होत्या.

एका रविवारी ते मला पश्चिम किनाऱ्यावर घेऊन गेले. अंधार पडल्यावर क्षितिजावर दिव्यांच्या बोटी दिसल्या. म्हाकुळं उजेडाकडे येतात म्हणून या बोटी प्रखर दिवे लावून गळांनी पकडतात. तो उजेड बघून मला घर आठवलं. आमच्याकडेही हिवाळ्यात रात्री समुद्रात असाच उजेड दिसायचा, जणू क्षितिजावर गाव वसलंय. पण त्या दिव्यांखाली गळ नव्हते, मोठी जाळी होती. आख्खा थवा एका फेरीत. छोट्या होडीवाल्यांसाठी किनाऱ्याकडे काही यायचंच नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी कोकण किनाऱ्यावरच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. बाबांची होडी वादळाने गेली हे खरं, पण ती पुन्हा न घेण्याचं कारण नुसतं वादळ नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्यांदा त्या रात्री फोनवर सांगितलं.

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही. तिथलं सगळ्यात नेहमीचं म्हाकूळ म्हणजे सुरुमे-इका. त्याची पकड २०११ मध्ये दोन लाख टनांहून जास्त होती, २०२३ मध्ये ती त्याच्या दहाव्या हिश्शाजवळ आली. समुद्राचं तापमान बदललं, अंडी घालायच्या जागांवर परिणाम झाला, शिवाय अनेक देशांच्या बोटी त्याच साठ्यावर. म्हाकूळ जेमतेम एक वर्ष जगतं. अंडी घालतं आणि मरतं. म्हणजे एका वर्षाची पिढी बुडाली तर मागून म्हातारी पिढी सांभाळायला नसते. धक्क्यावरचे बरेच लोक फार छोटं म्हाकूळ परत सोडतात. बटाट्याच्या कटलेटएवढ्या म्हाकुळाला ते "कोरोक्के" म्हणतात आणि हसत पाण्यात टाकतात. आणि जाताना न चुकता शाई धुतात. गरवणाऱ्यांनी कचरा केला म्हणून तिथली कितीतरी बंदरं लोकांना बंद झाली आहेत. आजोबांची बादली ही त्या धक्क्याच्या प्रवेशपरीक्षेसारखी होती.

नोव्हेंबरअखेर परत निघालो. त्याआधी बाबांनी एक विचित्र मागणी केली. "त्या एगीचा माप धाड." मी काय करणार? फर्स्ट इयरला ग्राफिक्समध्ये रात्र-रात्र जागून जे शिकलो, ते आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू, फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, डायमेन्शन्ससकट फोटो पाठवला. ग्राफिक्सच्या सरांनी हा परिच्छेद वाचावा अशी विनंती!

बाबांनी पांगाऱ्याचं लाकूड घेतलं, ते हलकं. मोडक्या छत्रीच्या तारा घासून सुया केल्या, जुन्या जाळ्याचं शिसं लावलं, आईच्या फाटक्या साडीचा तुकडा गुंडाळला. पहिली बुडेचना. दुसरी दगडासारखी गेली. तिसऱ्या वेळी पाण्याच्या पिंपात सोडून मला व्हिडिओ पाठवला. नाक खाली, शेपटी वर, सावकाश. मागून बाबांचा मोजण्याचा आवाज, "एक... दोन... तीन..."

यंदा जानेवारीत मी घरी होतो. पंचमीच्या संध्याकाळी आम्ही दोघं गावाजवळच्या कातळावर गेलो. बाबांनी त्यांची एगी फेकली, मी आजोबांनी दिलेली. त्यांना तीन लागली, मला एक. एक कोरोक्केएवढं होतं, ते बाबांनी न विचारता सोडून दिलं. वाटेत ते म्हणाले की, गावातला एकजण छोटी होडी विकतोय, इंजिन नाही, वल्ह्यांची. घ्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. आई नको म्हणते. मी काही बोललो नाही. दोर ना ताठ, ना ढिला.

तर मित्रांनो, कोकणात ट्रिप काढाल तेव्हा सांगा, एगी आहेत. दोन अटी. पहिली, निघताना धक्का धुवायचा. दुसरी, वीसपर्यंत मोजता यायला हवं, आणि तेवढा वेळ गप्प बसायलाही. आमच्या विंगला ही दुसरी अट जड जाईल, हे मला ठाऊक आहे.